चार मिलिअँप

दिंडोरीच्या वायनरीत सात नंबरची टाकी
रोज रात्री अकराला तापायची.
म्हणजे पडद्यावर तापायची. हात लावला तर गार.
चिलरचा ड्राइव्ह सुरू झाला रे झाला
की अठराचे एकतीस,
आणि बोरस्ते साहेबांचा फोन अंबडला:
तुमचा सेन्सर खोटं बोलतो.

सेन्सर दोनदा बदलला.
नवाही तेच बोलला.

लहामगे काका स्कूटरवर, मी मागे,
मांडीवर टूलबॅग.
म्हसरूळ मागे पडल्यावर ते एकदाच बोलले:
सेन्सर बिचारा. त्याच्या कानाशी कोण ओरडतंय ते बघू.

पॅनेल उघडण्याआधी
मी बांगड्या काढून डब्यात ठेवते,
गळ्यातली साखळीही, लोणच्याच्या पुडीशेजारी.
आयसोलेटर खाली. कुलूप माझं, चावी माझ्या खिशात.
पाटी: काम चालू आहे.
तरीही मीटर. आधी जिवंत जागी लावून बघायचा,
मग बंद केलेल्या, मग पुन्हा जिवंत.
कारण मीटरही मरतो, काका म्हणतात,
आणि मेलेला मीटर सगळ्यांनाच मेलेलं म्हणतो.

मग ट्रेचं झाकण काढलं.
मोटरची काळी केबल, अंगठ्याएवढी जाड,
तिला बिलगून सिग्नलची करडी, बारीक,
वीस मीटर दोघी अंगाला अंग लावून,
दर वीतभर पांढरी टाय,
शेपट्या एका मापात कापलेल्या.
काय सुबक काम, असं मी म्हणणारच होते,
तेवढ्यात टॅगवरचं अक्षर दिसलं.
माझंच. मार्चमधलं.

काका काही बोलले नाहीत.
कटर पुढे केला.

टाय तुटताना बारीक आवाज होतो, चणा फोडल्यासारखा.
मी मोजत होते. साठनंतर मोजणं सोडलं.

करडीला पलीकडच्या भिंतीवरून वेगळी वाट दिली,
मध्ये हातभर मोकळी जागा.
एका ठिकाणी काळीला ओलांडावंच लागत होतं.
काटकोनात, काका म्हणाले,
पाथर्डी फाट्याला हायवे ओलांडतेस ना, तशी.
तिरकं चालशील तर गाडीसोबत फरपटशील.
आणि शील्डचा पदर एकाच खांद्यावर, पॅनेलच्या.
टाकीकडचं टोक कापून टेप लाव.
दोन्हीकडे खोचलास
की इकडच्या नि तिकडच्या अर्थिंगचं भांडण
त्यातूनच वाहायला लागतं.

जेवताना विचारलं:
चार ते वीस कशाला? शून्यापासून का नाही?
काकांनी भाकरीचा तुकडा ठेच्यातच ठेवला.
शून्य म्हणजे तार तुटली.
चार म्हणजे, मी आहे,
फक्त सांगण्यासारखं काही नाही.

आणि पुन्हा जेवायला लागले.

नऊला डब्याशेजारी माझा फोन
एकदा वाजून थांबला.
घोटीहून आई. रोज नऊला, एकच रिंग.
चुकून उचलला तर म्हणते, कशाला उचललास?
आता फोनला पैसे पडत नाहीत, हे मी तिला
कितीदा समजावलंय.
आज हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला थोडा वेळ.

अकराला ड्राइव्ह सुरू झाला.
बोरस्ते साहेब, काका, मी, आणि वॉचमनसुद्धा
पडद्यासमोर.
अठरा.
अठरा.
अठरा पॉइंट एक.
साहेब दचकले. काका म्हणाले,
एवढं खरं असतं. एवढं चालायचंच.
मग चहा आला, बिनसाखरेचा, कुणाचा तरी चुकून.

टाय केलेलं ते सुबक काम पिशवीत भरून आणलं.
काकांना वाटलं मी रडतेय.
मी फक्त वाऱ्याकडे तोंड करून बसले होते.

म्हसरूळच्या अलीकडे स्कूटर थांबवायला लावली.
बाराला दहा कमी.
घोटीला एक रिंग दिली आणि कापली.
झोपली असणार.

काकांनी किक मारण्याआधीच
फोन एकदा वाजला
आणि थांबला.