अठरा किलो

पार्नूच्या धावपट्टीजवळ मासळीचा काटा आहे,
पुस्तकंही त्याच्यावरच तोलतात.
नोव्हेंबर संपला की बोट बंद.
मग आठवड्याला एक विमान, सहा खुर्च्यांचं,
आणि वाचनालयाच्या वाट्याला अठरा किलो.

बेटावर माणसं एकसष्ट.
वाचणारी किती ते विचारू नका,
मागणारी सगळी.

लाइने जनरेटर सांभाळते.
तिला तत्त्वज्ञान लागतं. "बारीक आण," म्हणते,
"पण उरकायला वेळ लागेल असं."
गेल्या वर्षी दोनशे ग्रॅमचं एक नेलं,
ते तिने एप्रिलपर्यंत ठेवलं.
परत आलं तेव्हा एकोणचाळिसाव्या पानावर
डिझेलचा अंगठा,
त्यापुढची पानं कोरी करकरीत.
"संपलं?"
"मला पुरलं," म्हणाली.

विज्ञान मासळीसारखं, ताजं असेल तरच घ्यावं.
आमच्या शाळेच्या कपाटात अजून नऊ ग्रह फिरतात,
शेवटचा मोजू नका, असं बाई दर वर्षी सांगतात,
मुलं दर वर्षी त्याची बाजू घेतात.
मी शेवाळावरचं निवडलं.
शेवाळ आमच्या छपरावर आहे,
निदान पडताळून तरी बघता येईल.

उकू नऊ वर्षांचा. त्याची चिठ्ठी माझ्या खिशात:
"ज्यात शेवटी कोणी काही शिकत नाही असं पुस्तक."
दोन दुकानं पालथी घातली.
प्रत्येक ससा शहाणा होतो,
प्रत्येक अस्वल माफी मागतं,
कोल्हासुद्धा शेवटच्या पानावर वाटून खातो.
तिसऱ्या दुकानात, तळाच्या फळीवर
एक बकरी सापडली.
पहिल्या पानावर ती टोपी खाते.
शेवटच्या पानावर
दुसरी टोपी.

मग एन्देल. त्याचं नेहमी जड.
युद्धाचा इतिहास जाड पुठ्ठ्याशिवाय निघतच नाही,
सेनापतींना गुळगुळीत कागद लागतो.
एन्देल लढाया वाचत नाही. नुसते नकाशे उघडतो
आणि शिसपेन्सिलीने चुका दुरुस्त करतो:
इथे पूल नव्हता.
ही वाट नाही, ओढा आहे.
हा बाण गेलाय तिथे मावशीचा गोठा होता, गाई तीन.
जिल्हा ग्रंथालय मला दर वर्षी रागाचं पत्र पाठवतं,
मी दर वर्षी एक खोडरबर विकत घेते.
घरी सहा झालेत, कोरेच.

काटा म्हणाला, अठरा किलो सातशे.
तार्मोने, वैमानिकाने, मान हलवली.
बकरी दोनशे दहाची, तिला हात लावणार नाही.
लाइनेचं काढून काय, चिमूटभर.
शेवाळ शिळं होईल, पण आज नाही.
उरला तो ठोकळा, दोन किलो शंभर,
आरमाराच्या चार वर्षांच्या हालचाली.
काढलाच होता बाहेर. सहज उघडला.
मधोमध दुमडलेला समुद्र,
निळे बाण, तांबडे बाण,
आणि आमचं बेट जिथे असतं
नेमकी तिथेच छापलेली खुणांची चौकट:
निळे म्हणजे कोण, तांबडे म्हणजे कोण,
एका सेंटिमीटरला किती मैल.

हे एन्देलला द्यायलाच हवं.
डिसेंबरभर बसेल तो ती चौकट खरवडत,
बेट वर येईपर्यंत.

मी बूट काढून काट्यावर ठेवले. एक किलो चारशे.
"हे तुझ्या वजनात धरले होते," तार्मो म्हणाला,
"इथेच ठेव, पुढच्या खेपेला आणतो.
म्हणजे आता सातशे ग्रॅम शिल्लक."

प्रवासी जिथे नकोशी पुस्तकं सोडून जातात
ती फळी दाराशीच होती.
मोज्यांवर तिथवर गेले.
एक उचललं, कव्हर फाटलेलं, नाव नव्हतं.
उघडून पाहिलं नाही.
तोललं:
सहाशे नव्वद.