मोजू लालो

लातूर रोडला गाडी पाऊण तास थांबली
आणि निहारनं तिसऱ्यांदा विचारलं, अजून किती?
बाहेर आश्विनातलं ऊन,
सोयाबीन काढलेली रानं, बनमीवर निळी ताडपत्री,
ताडपत्रीवर विटा, एक जुना टायर,
टायरात झोपलेलं कुत्रं.

उदगीरच्या स्टेशनावर कस्तुराक्का
दाजींची स्कूटी घेऊन एकटीच उभी,
व्हिडिओत दिसते त्याहून बारीक.
'आलाव का गं? तुमी यिऊ लालाव म्हणून सकाळधरनं
तीनदा च्या ठिवला अन् तीनदा मीच पिले.'
निहार माझ्याकडं बघतो.
लालाव म्हणजे काय, आई?
नंतर सांगते, म्हणते मी, आधी बॅग धर.

बारा वर्षं झाली, चिंचवडच्या शाळेत
पाचवीच्या वह्यांमध्ये
करतो, करत आहे, करत होतो
लाल शाईनं सरळ करते आहे.
मुलाखतीला जाताना पहिल्यांदा जीभ धुतली,
मग रोजच धूत राहिले.

खरं माहेर हे नव्हे.
ते देवणीच्या रस्त्यावर, भावाचं,
फाटकाला आता ग्रॅनाईटचे खांब आहेत.
हक्कसोडपत्रावर तिघींनी सह्या केल्या त्या दिवशी
वहिनीनं साबुदाण्याची खिचडी केली होती.
चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू.
त्यानंतर दोन दिवाळ्या कुणी कुणाला ये म्हणालं नाही.
यंदा अक्काचा फोन:
'दसरा झाला की या. लेकरं घिऊन या.
माहेर काय भितीत पुरलेलं असतंय व्हय?'

महानंदा दुपारच्या बसनं, बिदरहून.
तिच्या जुळ्या पोरी आपसात कन्नडात भांडतात,
मावश्यांशी मराठीत,
निहारशी पहिला दिवस नुसत्या खुणांनी.
अक्काचा संगमेश, वय दहा, चौघांचा मुकादम,
ज्वारीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून सांगतो:
'हे सीताफळ उद्याचं. हे परवाचं.
ह्येला दाबायचं न्हाई. नुसतं इचारायचं.'

दुसऱ्या रात्री मळणीयंत्राचा नंबर लागला.
ट्रॅक्टरच्या उजेडात भुसकट, पाखरं,
तोंडाला फडकी बांधलेल्या आम्ही तिघी.
मी महानंदाला अक्का म्हणाले,
आणि अक्कानं मला हाक मारली आईच्या नावानं.
यंत्राचा आवाज एवढा, की ऐकू आलं नसेल म्हणावं,
पण तिघींनाही ऐकू आलं होतं.
कुणीच दुरुस्त केलं नाही.

मग हौदावर चार लेकरं एका रांगेत,
अंगभर खाज, अंगभर साबण.
रात्री दीडला शेंगाच्या पोळ्या, वर तूप,
आणि स्लॅबवर सात जणांत तीन गोधड्या.
निहारनं पुण्यात कधी पाय कुणाच्या पोटावर टाकला नव्हता.

सकाळी तो पायरीवर पाठमोरा,
दोन्ही हात चिकट.
निहार, काय करतोयस?
'बिया मोजू लालो,' मान वर न करता.
'छप्पन्न झाल्या. बोलू नको, चुकंल माझं.'

महानंदा पदर तोंडात कोंबून आत पळाली.
मी तोंड उघडलं होतं.
बारा वर्षांची सवय, शब्द जिभेवर तयार होता.
पायरीवर ऊन आलं होतं.
मी चटणी वाटायला गेले.

परत लातूर रोडला गाडी थांबली.
अक्काचा फोन: कुठवर गेलाव?
इथंच, म्हणाले मी, सिग्नल नाही.
'मग काय करू लालाव?'
निहारनं मांडीवर कागदाची पुडी सोडलेली.
बिया मोजू लालाव, अक्का,
पंचावन्नच भरू लाल्यात.
एक तिथंच ऱ्हायली बघ,
पायरीच्या फटीत बिटीत.