उरलेला खर्ज

सास्किया फोनवर आपलं नाव सांगायची
आणि मला ऐकू यायचं: आ-इया.
दोन्ही स केव्हाच गळून गेले होते,
क सुद्धा.
किटलीची शिट्टी गेली, पाखरं गेली,
कोणती आधी, ते आता आठवत नाही.
राहिला तो खर्ज:
फेरीबोटीचं इंजिन,
एंडेलचं घोरणं (ते कसं जाईल?)
आणि बर्फ.

बर्फाचं सांगते.
कडक हिवाळ्यात आमच्या हीउमा बेटावरून
गाड्या थेट समुद्रावर उतरतात.
एकवीस हिवाळे मी तो रस्ता मोजला,
गिरमिटाने भोक पाडून, पट्टी घालून,
वहीत सेंटिमीटर लिहून.
वडील म्हणायचे, पट्टी कालचं सांगते, विर्वे,
आधी कानोसा घे.
मग तो यायचा, खालून, फार लांबून,
गाभण गाईने कूस बदलावी तसा हुंकार.
असा असला तर चल, म्हणायचे.
कोरडा, कडाडणारा असला तर उभी राहा.

तार्तूला डॉक्टर मेरिकेने कागदावर शंख काढला.
अडीच वेढे.
बारीक आवाज दाराशी राहतात,
जाड आवाज अगदी आत, शेवटच्या वळणावर.
"तुमची पडवी पडली आहे, माजघर शाबूत आहे.
तार पडवीतून सरकवायची,
माजघराला धक्का न लावता."
आणि लागला तर?
ती खोटं बोलली नाही.
"लागू शकतो. त्याच दिवशी,
नाहीतर सहा महिन्यांनी, काही कारण न सांगता."

चार अक्षरांसाठी बर्फ पणाला लावायचा.
एंडेल म्हणाला, तुझं तू ठरव,
आणि लाकडं फोडायला गेला.
फोडण्याचा आवाज येत नव्हता.
फक्त ठोकळे पडल्याचा.

नर्सने नंतर सांगितलं:
तार आत जाताना खोलीत कुणी बोललं नाही.
स्टेरॉइडचे थेंब, मग थांबणं,
मग तांदळाएवढं पुढे,
पुन्हा थांबणं.

सहा आठवड्यांनी बंद खोली, हेडफोन, हातात बटण.
ऐकू आलं की दाबा. खात्री असेल तरच.
एकशेपंचवीस: जागेवर.
अडीचशे: जागेवर.
पाचशे: वीस डेसिबलनी घसरलं.
मेरिकेला आनंद झाला, तिने माझा खांदा दाबला.
मी त्या पाचशेपाशी अडून बसले.
काय होतं त्यात माझं?
एंडेलच्या आवाजाचा वरचा काठ, बहुतेक.

स आला.
पत्र्यावर वाळू घासावी तसा.
सास्किया आपलंच नाव म्हणत राहिली, हसत हसत,
सातव्यांदा मला ते माणसाचं वाटलं.

या वर्षी रस्ता उघडलाच नाही.
वहीत तारीख आहे, पुढे कोरं.
समुद्रावर नुसती साय धरली होती,
काठाला चार बोटं.
मी यंत्र काढून खिशात ठेवलं
आणि जिवाचा कान करून उभी राहिले.
वारा. मग वाराही नाही.
मग खाली काहीतरी हललं,
कानाने कळलं की बुटांच्या तळव्यांनी,
ते काही ठरवता येईना.

हातमोज्यात अंगठा मात्र
दाबला गेला होता.