खर्च तीन, ताकद शून्य

बिटको चौकात, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
रविवारी आम्ही सतरा जण जमतो.
यंदाच्या स्पर्धेचा विषय होता पहारेकरी.
एकच कार्ड. नाव, चित्र, खर्च, ताकद,
नियमाची एक ओळ,
आणि तळाशी तिरक्या अक्षरांत काहीतरी शहाणपणाचं.

सगळ्यांनी ड्रॅगन काढले.
मीही काढले, तीन.
एक पांडवलेण्यांच्या डोंगराला वेटोळं घालून बसलेला,
एक गंगापूर धरणाच्या गाळात,
तिसऱ्याला देवळालीच्या तोफांनी जाग येते
आणि आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात
(तेवढंच खरं होतं त्यातलं).
ओजस ताजनपुरे म्हणाला, ताकद नऊ आणि खर्च दोन?
अगं, फुकट काय असतं?
त्याला काहीतरी मोजायला लाव.

मोजायला.

बाबा बाहेरच्या खोलीत लसूण सोलत होते,
पाकळ्या पाच-पाचच्या ओळीत.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव मोजले त्यांनी.
आधी कोरे, मग छापलेले, मग वाया गेलेले,
आणि बेरीज जुळेपर्यंत
कुणीच घरी जायचं नाही.
एकदा एक ताव कमी भरला.
पहाटे यंत्राखाली सापडला म्हणे,
तोवर आईनं भाजी तीनदा गरम केलेली.
सुटताना फाटकाशी दोन्ही तळवे पुढे करायचे.
मी खाऊ मागितला की
हसून तेच तळवे मला दाखवायचे.

मग मी ड्रॅगन खोडले.

मोजणारा.
खर्च तीन. ताकद शून्य.
तुमच्या पाळीत हवी तितकी पानं ओढा.
पाळी संपताना हात रिकामा हवा.

चित्रात चेहरा घेतला नाही,
घेतला असता तर ते लाजले असते.
नुसते तळवे, आणि उजव्या अंगठ्याच्या पेरावर
एक हिरवट डाग, जो मी कधी पाहिलेला नाही.
तळाची ओळ काही केल्या सुचेना.
बाबा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
कोरी जागा सोडू नये,
कुणीतरी भरतं.
तीच घातली.

जाड कागदावर बारा प्रती काढल्या.
त्यांनी कपाटातून भिंग काढलं,
एकेक प्रत ट्यूबलाइटखाली धरली,
मग दोन बाजूला ठेवल्या. पालथ्या.
निळा अर्धा मिलिमीटर सरकलाय. ह्या वाया.
मी म्हटलं, कुणाला दिसणार आहे?
ते काहीच बोलले नाहीत.
त्या न बोलण्यावर आमचं घर चाललं होतं.

स्पर्धेत तिसरी आले.
पहिला आला सिन्नरचा एक ड्रॅगन, अर्थात.
आणि आठवीतल्या तेहसीननं माझं कार्ड घेऊन
एकाच पाळीत सगळी गड्डी ओढली,
अकरा पानं धडाधड टेबलावर फेकली,
समोरच्याला पाणी प्यायलाही उसंत दिली नाही.
ताई, तुझ्या नियमाला भोक आहे.
परीक्षकांनी दहा मिनिटं डोकं खाजवलं
आणि मोजणाऱ्यावर बंदी घातली.

घरी येऊन सांगितलं तर बाबा खोकला येईपर्यंत हसले.
एकतीस वर्षं, म्हणाले,
एकतीस वर्षं कुणाला भोक सापडलं नाही,
आणि ते एवढंसं पोर...

रात्री प्रती डब्यात ठेवताना मोजल्या.
चांगल्या दहा.
वाया एक.
पुन्हा मोजल्या. टेबलाखाली वाकून बघितलं,
प्रिंटच्या पाकिटात बोट घालून बघितलं.
बाबा झोपले होते.
खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्याचा खिसा
जरा ताठ दिसत होता.

बेरीज जुळली नाही,
आणि सगळे घरीच होते.