पीळ

मगदुमांना नऊ वर्षं लागली.
कुपवाडला, मोटारींची वाइंडिंगं करत करत,
दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
पंखांच्या बरगड्या मी केल्या. या पंखाला तेरा, त्या पंखाला तेरा,
आणि दोन जास्तीच्या, कारण लाकूड हे लाकूड असतं.

मिरजेत आमची चौथी पिढी सतारीत.
शांतिनाथ मगदूम म्हणाले होते,
सरस कुठं धरतो, कुठं सोडतो, ते तुम्हाला कळतं.
मी म्हटलं, विमानातलं मला काय कळतं?
ते म्हणाले, मला तरी.

आता पंख कऱ्हाडच्या धावपट्टीवर न्यायचे.
ट्रॉली सुबराव आवट्यांची, उसाची, दहा टनांची.
पंख एकेक सव्वीस किलोचा.
गोम इथेच आहे:
दहा टनांना वाकणारे पाटे
बावन्न किलोंना ओळखसुद्धा दाखवत नाहीत,
रस्त्यातला खड्डा जसाच्या तसा वर पाठवून देतात.
म्हणून तळाला आधी हळद.
चाळीस पोती, बरोबर आसावर.
भाडंपण सुटेल, सुबराव म्हणाले.

मग पोत्यांवर चौकट, चौकटीत प्लायवूडच्या खाचा,
खाचांत नमदा.
पंख आडवा ठेवायचा नाही. उभा,
पुढची जाड कड खाली.
पट्टा कण्यावर. दोन बरगड्यांच्या मधे नाही,
तिथं नुसतं कापड आहे आणि आपला विश्वास.
हलती पाती सुती पट्टीनं बांधून गप्प.

माझ्या वडिलांनी एकदा एक तंबोरा
एसटीच्या टपावरून पुण्याला पाठवला होता.
भोपळा पोचला चार तुकड्यांत.
ते काही बोलले नाहीत,
पण तेव्हापासून आमच्या घरात
सामान बांधताना कुणी कुणाशी बोलत नाही.
मगदूम बोलत होते. मी हूं हूं करत होतो.

पट्टा आवळला, बोटानं छेडून पाहिला.
काळी चारच्या जरा खाली.
हा वाऱ्यात गुणगुणणार, मी म्हटलं,
आणि गुणगुणत गुणगुणत ढिला होणार.
सोडला, मधे एक पीळ दिला, पुन्हा आवळला.
पीळ असला की पट्टा थरथरत नाही.
उभा जन्म तार बोलावी म्हणून जवारी घासली,
आणि आज पट्ट्यानं तोंड उघडू नये म्हणून
पहाटे अडीचला मी ट्रॉलीवर.

सांगली झोपेत ओलांडली.
कृष्णेच्या पुलावर मात्र वारा आडवा आला,
नदीवरून, गार, सरळ बगलेत,
आणि दोन्ही पंख
एकदम हलके झाले.
मी हात लावून होतो, मला कळलं.
नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी
त्यांच्या कामाचं विचारलं होतं.
हळू, मी ओरडलो, सुबराव, हळू!
हा माल पडणारा नाही, हा उठणारा आहे.

तुंगला थांबून सगळे पट्टे पुन्हा पाहिले.
दोन बोटं सैल निघाले. नमदा बसतो, हळद बसते,
पहिल्या काही मैलांत सगळंच जरा खाली बसतं.
आष्ट्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग,
स्पीकर ठणाणा करणारे.
एकानं वाकून विचारलं, काय, मंडपाचं सामान?
सुबराव म्हणाले, होय.

कऱ्हाडला उजाडलं होतं.
मगदूम मोटारसायकलवरून लाल फडकं सोडून उतरले
आणि पंखाजवळ आलेच नाहीत,
लांब उभं राहून चष्मा पुसत राहिले.
मी आणि सुबरावांच्या पोरानं एकेक उतरवला.
कुठं चरा नाही, भेग नाही.

फक्त डाव्या पंखाच्या पोटाला, मुळाशी,
एक पिवळा अंगठा उमटला होता.
माझाच.
पुसायला रुमाल काढला,
मग घडी करून खिशात ठेवला.

परतीला ट्रॉली रिकामी.
पेठ नाक्यापर्यंत
मला प्रत्येक खड्डा मोजता आला.