खाली उजव्या कोपऱ्यात

सकाळी साडेनऊला ती आली,
मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत शेड शोधत,
चपलेला रस्त्यावरचं काळं ऑइल.
किंजल रोहित. आयटीआय, तरसाली.
दाखल्यावर ट्रेड : ड्राफ्ट्समन, मेकॅनिकल.
माझ्याही दाखल्यावर तेच होतं, शहाऐंशी साली.
बाबा म्हणाले होते, शेवटी 'मन' आहे ना त्यात,
मग ठीक. पण बँकेची परीक्षाही दे.

शेठ फोनवर होते. हातानेच म्हणाले,
वसुबेन, तुम्ही बघा.

मी बघितलं.
टूडी येतं, थ्रीडी येतं, शीट मेटल थोडं.
वडील रिक्षा चालवतात, फतेगंज ते स्टेशन.
पगाराची अपेक्षा?
ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली,
जे असेल ते.
हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.
त्यावर मी आठ वर्षं काढली,
ट्रेसर म्हणून, साडेपाचशेपासून.

तेव्हा खोलीभर अमोनिया.
प्रिंट काढताना डोळे चुरचुरायचे.
बडोद्याच्या मे महिन्यात मनगटाखाली रुमाल,
नाहीतर ट्रेसिंगवर घामाचा डाग,
आणि चुकलं की अर्ध्या ब्लेडने
शाई इतकी हळू खरवडायची
की कागदाला कळू नये.
दांडिया बाजारातून घेतलेला सेटस्क्वेअर
अजून ड्रॉवरमध्ये आहे. टोक तुटलंय.
आता त्याने मी खाकऱ्याचं पाकीट फोडते.

तिला माउसपासून उठवलं.
व्हॉल्व्हचा एक जुना ग्लँड दिला, बिडाचा,
व्हर्नियर, पेन्सिल,
आणि चौऱ्याण्णवची शीट : ताडून बघ.

ती बघत बसली.
जाड रेघ, जे दिसतं त्याची.
तुटक रेघ, जे आत आहे त्याची.
आणि ती मधली, लांब-आखूड, लांब-आखूड,
जी वस्तूत कुठेच नसते
आणि मापं मात्र सगळी तिच्यापासून.
एकेका रेघेवर बोट ठेवत होती,
विजेचं बिल वाचावं तसं, कुठे जास्त लावलंय का.

वीस मिनिटांनी म्हणाली,
बेन, आ चॅम्फरनुं माप ज नथी.

मी चष्मा लावला.
खरंच नव्हतं.
तीस वर्षं ती शीट शॉपमध्ये गेली, आली,
घड्यांना चिकटपट्टी लागली, चहाचे गोल उमटले,
कुणी विचारलं नाही,
कारण लेथवर बाबूभाई पंचाल होते
आणि बाबूभाईंच्या अंगठ्याला ते माप ठाऊक होतं.
गेल्या दिवाळीत ते रिटायर झाले.
तेव्हापासून प्रत्येक लॉटमधले चार-पाच नग परत येतात
आणि शेठ नव्या पोराला शिव्या घालतात.

मी बोलले नाही काही.
खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं.
काढणार : व. खा.
माझी पहिली स्वतःची शीट होती ती.
मंजुरी : मोठे शेठ, जे आता हार घालून
पाण्याच्या कूलरच्या वर लटकतात.
तपासणार : रिकामं.

बाबूभाईंच्या हातचा तो नग तिने पुसला.
दीड मिलिमीटर, म्हणाली, पंचेचाळीस अंश.

केबिनमध्ये जाऊन मी सोळा हजार म्हटलं.
शेठ म्हणाले, फ्रेशर आहे, वसुबेन,
आणि हे सगळं आता कॉम्प्युटरच करतो.
मी शीट त्यांच्या टेबलावर पसरली,
मोबाइल, पानाची डबी, सगळ्यासकट झाकून,
आणि कॉम्प्युटरला विचारा म्हटलं,
बाबूभाईंचा अंगठा कुठल्या फोल्डरमध्ये आहे.
चौदावर आले. पीएफ पहिल्या महिन्यापासून.

दुपारी नवी शीट निघाली, रिव्हिजन डी.
तपासणाऱ्याच्या चौकटीत अक्षरं टाक, मी म्हटलं.
ती थांबली. लेटर तर अजून मिळालं नाही, बेन.
टाक.
तिने टाकली, जरा वाकडी.

मग तिला डबा धुवायचा नळ दाखवला,
आणि कुठला पंखा फिरतो, कुठला नुसता आवाज करतो ते.