एकोणतीस मिनिटं, एकोणसाठ सेकंद

तांडापेठ. नवतपाचा तिसरा दिवस.
निखारेजींनी मागाच्या खड्ड्यात पाय सोडले
आणि मी कूलर बंद केला,
त्याच्या घरघरीत धोटा ऐकू येईना म्हणून.

कॅमेरा माझा फोटोचा.
बर्डीवर जुना घेतलेला, सत्तरेक लग्नं पाहिलेला,
हार, घास, सुनमुख,
सगळं एकेका टिचकीत.
फार वेळ टक लावायची त्याला सवय नाही.
एकोणतीस मिनिटं, एकोणसाठ सेकंद,
मग आपला आपणच डोळा मिटतो,
कोणाला न विचारता.

"कावून थांबते?"
सांगितलं : परदेशात म्हणे कुठंसं
अर्ध्या तासावर गेला की तो व्हिडिओचा कॅमेरा,
त्याला जकात जास्त,
म्हणून एक सेकंद आधीच झोपवतात.
म्हातारा इतका हसला की धोटा हातातच राहिला.
"म्हंजे नाका चुकवते!
आमीबी चुकवला बाप्पा, लुगडं पोटाले गुंडाळून, वरतून सदरा.
नाकेदार म्हणे, कोष्टी असून येवढं पोट?"

हे रेकॉर्ड झालं. अठराव्या मिनिटाला.

मोबाइलमध्ये अठ्ठाविसाचा गजर लावला.
गजर झाला की बंद, की लगेच चालू.
बॅटऱ्या माठाच्या बुडाशी,
कॅमेऱ्याच्या डोक्यावर माझाच ओला दुपट्टा,
तरी दुपारी दोनला पडद्यावर लाल थर्मामीटर उगवायचा
आणि आम्ही तिघंही, मी, तो आणि निखारेजी,
गार होईपर्यंत गप्प बसायचो.

दुसऱ्या दिवसापासून गजराआधी तेच सांगू लागले,
"झाला तुहा अर्धा घंटा."
घड्याळ नव्हतं खोलीत.
"पंधरा बोटं झालं कापड," म्हणाले,
"पावडी का खोटं बोलते?"

चौथ्या दिवशी कोणाचा तरी फोन आला,
तो कापताना गजरही कापला गेला असावा.
ताण्यातला एक धागा तुटला होता.
निखारेजी वाकले,
थुंकी लावून दोन टोकं चिमटीत धरली,
आणि मी बघत बसलो.
बोलले काहीच नाहीत. गाठ मारली, फणीतून ओढून घेतली,
पुन्हा पावडी, पुन्हा धोटा.
मान वर केली तेव्हा
कॅमेरा कधीचाच मिटलेला.

घरी तुकडे जोडले. एकवीस.
विसाव्याच्या शेवटी तुटका धागा, वाकलेली पाठ,
एकविसाव्यात एकदम चार बोटं कापड वाढलेलं.
मध्ये सात मिनिटं नाहीत.

दाखवायला गेलो तेव्हा
सूनबाईंनी बरोबर तिथंच विचारलं,
"बाबा उठले होते का मधात?"
मी नाक्यावर पकडल्यासारखा उभा.

निखारेजींनी मागावरचं कापड उलटं केलं,
बोटानं चाचपत एका जागी थांबले.
"इथं आहे ते. पाय."
मी चार बोटं ठेवली.
गाठ सापडली नाही.

"सापडली तर कोष्टी कायचा," म्हणाले,
"आता कूलर लाव."